छायाचित्राची प्रत आणि तिच्यावरची सही

चित्रकाराचे चित्र पुरे झाले की तो खालच्या कोपऱ्यात सही करतो आणि त्या सहीचा अर्थ त्याला कोणी विचारीत नाही. चित्र एकच असते, ते त्याच्या हातचे असते आणि सही म्हणजे त्याने कामावरून फिरवलेला शेवटचा हात असतो. छायाचित्रकाराने सही केली की मात्र प्रश्नांना सुरुवात होते. एका निगेटिव्हवरून दहा प्रती निघतात, शंभर निघतात; संगणकातल्या फाइलवरून तर हव्या तितक्या निघतात. प्रत कधी त्याने स्वतः अंधाऱ्या खोलीत काढलेली असते, कधी लॅबमधून आलेली असते. मग ही सही नेमकी कशावर? टिपलेल्या दृश्यावर, निगेटिव्हवर, की समोरच्या कागदावर?

हा प्रश्न केवळ वादविवाद मंडळापुरता नाही. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून छायाचित्रांची दालने लागतात आणि अलीकडे तेथे प्रती विकल्याही जातात. विकत घेणाऱ्याने पैसे दिले की त्याच्या हाती दोन गोष्टी पडतात : एक कागद आणि एक शब्द. कागद टिकला पाहिजे आणि शब्दही टिकला पाहिजे. प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार करावयाचा आहे.

एक आणि अनेक

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत निगेटिव्ह नव्हते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट प्रतिमा उमटे आणि ती एकमेव असे. इंग्लंडमधील फॉक्स टॅल्बट यांनी १८४१ मध्ये कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात प्रथम कागदी निगेटिव्ह आणि त्यावरून प्रती अशी दोन पायऱ्यांची रीत होती. छायाचित्राचे ‘अनेकत्व’ तेथून सुरू झाले.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या जाणत्या छायाचित्रकारांपैकी एक होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांनी इंदूर, सिकंदराबाद आणि पुढे मुंबई येथे स्टुडिओ थाटले. त्यांच्या अनेक प्रतींवर निगेटिव्हचा क्रमांक दिसतो, आणि माउंटावर नावाचा शिक्का किंवा छाप असते. मात्र त्यांच्याकडे अनेक छायाचित्रकार व कारागीर कामाला होते. तेव्हा त्या छापेचा अर्थ ‘हे माझ्या हातचे’ एवढाच घेता येत नाही. ‘हे माझ्या पेढीचे, आणि याची जबाबदारी माझी’ असा तो घ्यावा लागतो.

आपल्या घरांतून जुन्या ट्रंकांमध्ये जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले आजोबा-पणजोबांचे जे फोटो सापडतात, त्यांच्या खालच्या कडेला स्टुडिओचे नाव व गाव उठावदार छापलेले असते. पुष्कळदा फोटोतील माणूस कोण हे घरात कोणालाच सांगता येत नाही, पण फोटो कोणाच्या दुकानात काढला ते मात्र वाचता येते. दुकानदाराने आपले नाव लिहिले, घरच्यांनी आपले लिहिले नाही. कागदावर जे लिहिले तेच मागे राहते, हा या विषयातील पहिला धडा होय.

बंदिश आणि गायन

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होते. निगेटिव्ह ही संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि प्रत म्हणजे तिचे वादन, असे ते मानीत. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रत म्हणजे त्या दिवसाचे गायन. त्यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे छायाचित्र घेतले. पुढच्या काही दशकांत त्याच निगेटिव्हवरून त्यांनी शेकडो प्रती काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे आहे आणि ढग दिसतात. नंतरच्या प्रतींत आकाश जवळजवळ काळे होत गेले. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो अधिक गडदही केला. म्हणजे छायाचित्र एक, पण १९४० च्या दशकातली प्रत वेगळी आणि १९७० च्या दशकातली वेगळी.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. प्रतीवर दोन वर्षे लिहावीत : दृश्य कोणत्या वर्षी टिपले ते, आणि प्रत कोणत्या वर्षी काढली ते. टिपल्यानंतर थोड्याच काळात काढलेल्या प्रतीला बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि तिची किंमत बहुधा अधिक येते. दुसरे वर्ष न लिहिणे म्हणजे उद्या कोणालाही नवी प्रत जुनी म्हणून विकण्यास मोकळीक देणे होय.

लुईस हाइन यांच्या प्रतींच्या बाबतीत काय घडले ते येथे आठवावे. गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मुलांची त्यांनी काढलेली छायाचित्रे जगप्रसिद्ध आहेत. हाइन १९४० मध्ये वारले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या हयातीतील म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रतींविषयी संशय निर्माण झाला. अतिनील दिव्याखाली धरताच त्यांचा कागद निळसर चमकू लागला. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घालतात ती द्रव्ये अशी चमकतात, आणि छायाचित्रांच्या कागदात त्यांचा वापर १९५० च्या दशकात रूढ झाला. म्हणजे कागदच छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरचा होता. शिक्का काही म्हणो, कागदाने साक्ष फिरवली.

सही कोठे व कशाने

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सहीच्या जागा तीन : प्रतिमेखालचा पांढरा समास, प्रतीची मागची बाजू, आणि माउंट. प्रतिमेवरच सही करण्याची हौस पुष्कळांना असते. पण पाहणाऱ्याची नजर आकाशाऐवजी अक्षरांवर जाते, आणि ती सही पुढे काढताही येत नाही. समासात, प्रतिमेच्या खालच्या उजव्या कडेशी, लहान अक्षरांत केलेली सही उत्तम. त्यासाठी प्रत काढतानाच चारी बाजूंनी किमान एक इंच पांढरा कागद सोडावा.

खिडकी कापलेल्या वरच्या पुठ्ठ्यावर सही करण्याची चाल आहे. ती दिसायला छान दिसते, पण तो पुठ्ठा दहा-वीस वर्षांत मळतो, पिवळा पडतो आणि बदलला जातो. त्याच्याबरोबर सहीही कचऱ्यात जाते. तेव्हा तेथे हौसेने सही करायचीच असेल तर खरी सही प्रतीवर आधी करावी. प्रत पुठ्ठ्याला कायमची चिकटवलेली असेल तर गोष्ट वेगळी. तेथे पुठ्ठा हा प्रतीचाच भाग होतो, म्हणून प्रतिमेच्या कडेखाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीने सही करतात. अ‍ॅडम्स यांच्या बहुतेक सह्या अशाच आहेत.

साधन म्हणून साधी मऊ पेन्सिल सर्वांत विश्वासू. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. ते उडत नाही, फुटत नाही, आणि कागदाला बाधत नाही. बॅरायटा थराच्या पारंपरिक कागदाचा समास किंवा पाठ, तसेच इंकजेटसाठीचा सुती कागद, यांवर पेन्सिल चांगली उठते. प्लास्टिकचा थर दिलेल्या आर. सी. कागदावर ती उठत नाही. तेथे रंगकणयुक्त, न उडणाऱ्या शाईचे बारीक पेन वापरावे, आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत प्रती एकमेकींवर ठेवू नयेत. बॉलपेन मात्र कटाक्षाने टाळावे. पाठीमागे जोराने लिहिले की अक्षरांचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो आणि शाई कालांतराने पसरते. रबरी शिक्क्याची शाईही काही कागदांतून पुढे झिरपते. शिक्का मारायचाच तर प्रतिमेच्या पाठीमागे न मारता समासाच्या पाठीमागे मारावा. पाठीवर लिहिताना प्रत स्वच्छ, कठीण व सपाट पृष्ठभागावर पालथी ठेवावी आणि हात हलका ठेवावा.

पाठीमागे काय लिहावे? छायाचित्रकाराचे पूर्ण नाव, शीर्षक किंवा स्थळ, टिपल्याचे वर्ष, प्रतीचे वर्ष, कागद व पद्धती, आणि प्रत कोणी काढली ते. लॅबने काढली असेल तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही. ती पाहून पसंत करणे हेही छायाचित्रकाराचेच काम आहे. स्पर्धांसाठी पाठवायच्या प्रतीवर मात्र पुढे नाव नसावे असा सामान्य संकेत असतो. परीक्षकाने नाव पाहून गुण देऊ नयेत हा त्यामागचा हेतू आहे.

क्रमांक म्हणजे वचन

सहीशेजारी ‘३/१०’ असा अपूर्णांक लिहिण्याची पद्धत ठसाचित्रांकडून आली. तांब्याच्या पत्र्यावरची कोरीव रेषा प्रत्येक ठशाबरोबर झिजते; म्हणून कितवा ठसा आणि एकूण किती, हे सांगण्यास तेथे अर्थ होता. निगेटिव्ह असे झिजत नाही, आणि फाइल तर मुळीच झिजत नाही. म्हणून छायाचित्रावरचा खालचा आकडा हा निसर्गाने घातलेला बांध नसून छायाचित्रकाराने स्वतःला घालून घेतलेला बांध आहे. तो वचन आहे, आणि वचन पाळणे सर्वस्वी त्याच्या हाती आहे.

या वचनाबाबत थोरांची वागणूकही एकसारखी नाही. एडवर्ड वेस्टन यांनी काही प्रतींवर पन्नासांपैकी अमुक असे आकडे घातले, पण प्रत्यक्षात पन्नास प्रती निघाल्या अशी उदाहरणे दुर्मीळच. त्यांचे पुत्र ब्रेट वेस्टन यांनी १९९१ मध्ये आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी स्वतःची बहुतेक निगेटिव्ह जाळून टाकली. आपल्या प्रती दुसऱ्या कोणी काढू नयेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. गायक गेला की त्याचे गाणे दुसऱ्याने त्याच्या नावावर गाऊ नये, असाच हा न्याय.

याउलट विल्यम एगल्स्टन यांचे प्रकरण न्यायालयात गेले. त्यांची काही रंगीत छायाचित्रे पूर्वी डाय ट्रान्स्फर पद्धतीने, मर्यादित संख्येत विकली गेली होती. मार्च २०१२ मध्ये न्यूयॉर्क येथील क्रिस्टीज या लिलावसंस्थेत त्यांच्या ३६ नव्या, मोठ्या आकाराच्या डिजिटल प्रती सुमारे ५९ लाख डॉलरना विकल्या गेल्या. त्यांतील काही प्रतिमा जुन्याच होत्या. जुन्या प्रती जवळ असलेले संग्राहक जोनाथन सोबेल यांनी दावा लावला की, यामुळे आपल्या प्रतींची दुर्मिळता संपली. २०१३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. आकार आणि पद्धती वेगळी असल्याने नव्या प्रती ही वेगळी आवृत्ती होय, जुन्या आवृत्तीची मर्यादा मोडलेली नाही, असा त्याचा आशय होता.

कायद्याने एगल्स्टन यांची बाजू घेतली. पण हा वाद मुळात उद्भवला कशामुळे? ‘मर्यादित’ या शब्दाची मर्यादा कोठवर, हे आधी स्पष्ट झाले नव्हते म्हणून. दहा प्रती म्हणजे या आकाराच्या दहा, की सर्व आकार मिळून दहा? हे विक्रीच्या पावतीवर एका ओळीत लिहून टाकावे. विद्यार्थ्यांनी तर साधी वही ठेवावी : छायाचित्राचे नाव, एकूण ठरवलेली संख्या, कितवी प्रत, कोणाला, कोणत्या तारखेला. कलावंताने स्वतःसाठी राखलेल्या जादा प्रतीही तीत नोंदवाव्यात. नाहीतर दहा प्रतींच्या मागे जादा प्रती वीस, असा प्रकार होतो. आणि वही ठेवणे जमणार नसेल तर क्रमांकच घालू नये. बिनक्रमांकाची प्रामाणिक प्रत खोट्या क्रमांकाच्या प्रतीपेक्षा केव्हाही चांगली.

माउंट, काच आणि पावसाळा

आपल्या घरांतून टांगलेल्या तसबिरींची अवस्था आठवावी. काच थेट फोटोला टेकलेली, मागे कच्चा पुठ्ठा, त्यामागे प्लायवूड आणि बारीक खिळे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की दमट झालेला जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. नंतर काच काढू गेल्यास चेहराच काचेबरोबर निघून येतो. कच्च्या पुठ्ठ्यातील लाकडाच्या लगद्यात लिग्निन असते. त्यातून आम्ल तयार होते आणि कागद तपकिरी व ठिसूळ होतो. मैद्याच्या खळीवर कसर येते. शिवाय हायपो पुरता धुतला नसेल तर त्यातील गंधक चांदीशी संयोग पावते आणि लग्नाचा फोटो पिवळा पडतो. या सर्वांत दोष काळाचा थोडा आणि घाईचा अधिक असतो.

उपाय अवघड नाहीत. माउंटासाठी सुती किंवा आम्लरहित पुठ्ठा घ्यावा. बाजारात ‘आम्लरहित’ लिहिलेल्या पुठ्ठ्यात अनेकदा कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते; चांदीच्या काळ्यापांढऱ्या प्रतींना ते चालते, पण निळ्या सायनोटाइप प्रती अल्कलीने फिक्या पडतात, म्हणून त्यांना साधा सुती पुठ्ठा द्यावा. खास छायाचित्रांसाठी तपासलेला पुठ्ठा हवा असेल तर ‘फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट’ उत्तीर्ण झाल्याची नोंद पाहावी.

प्रत पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवू नये. चार कोपऱ्यांवर कागदी त्रिकोण लावून त्यांत ती बसवणे सर्वांत सोपे. उद्या ती सहज सोडवता येते. कोपरे दिसणे नको असेल तर वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात. कुरडयांसाठी आपल्याकडे जो गव्हाचा चीक काढतात, त्यातलेच हे सत्त्व. मात्र ते स्वच्छ धुतलेले व न आंबलेले असावे. ही खळ पाण्याने सुटते. सेलोटेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि रबर सोल्युशन यांना मात्र थारा देऊ नये. त्यांचे डाग कागदाच्या आयुष्यापर्यंत राहतात.

वर खिडकी कापलेला पुठ्ठा ठेवावा. तिरप्या धारेने कापलेली ही खिडकी केवळ शोभेची नसून ती प्रत व काच यांच्यामध्ये हवेची जागा राखते. खालचा समास वरच्यापेक्षा थोडा मोठा ठेवावा. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखे दिसते. उदाहरणार्थ, १२ × १५ इंचांच्या उभ्या खिडकीसाठी वर व बाजूंना ३ इंच आणि खाली साडेतीन इंच धरल्यास पुठ्ठा १८ × २१.५ इंचांचा लागेल. समासातील सही दिसावी अशी इच्छा असेल तर खिडकी प्रतिमेपेक्षा अर्धा इंच मोठी आणि खाली त्याहून थोडी अधिक मोठी कापावी. पुठ्ठ्याचा रंग पांढरा किंवा मळकट पांढरा असावा. लाल-निळे माउंट फ्रेमवाल्याच्या दुकानात झकास दिसतात. प्रदर्शनात छायाचित्राचे लक्ष तेच खाऊन टाकतात.

इंकजेट प्रती छापल्यावर लगेच फ्रेम करू नयेत. शाईतील द्रावके उडून जाण्यास निदान एक दिवस, शक्य तर अधिक, द्यावा. नाहीतर काचेच्या आतल्या बाजूस धुके धरते. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की फ्रेम भिंतीपासून दूर राहते आणि ओल थेट लागत नाही. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली भिंत बरी, आणि उन्हाची तिरीप जेथे पडते ती जागा कधीच नको. संग्रहालये नाजूक कागदी कामांवर सुमारे ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात, हे लक्षात घेतले म्हणजे दिवाणखान्यातल्या खिडकीसमोरची जागा किती महागात पडते ते कळेल.

कायदा आणि नाव

प्रत विकली म्हणजे छायाचित्राचा हक्क विकला, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ अन्वये हक्काचे हस्तांतर लेखी करावे लागते. प्रत घेणाऱ्यास कागद मिळतो, पुनर्मुद्रणाचा अधिकार मिळत नाही. मात्र कोणी मोबदला देऊन आपले छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास प्रताधिकाराचा पहिला मालक तो काढवून घेणारा ठरतो. लग्नसमारंभाचे काम घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून साठ वर्षांची वेगळी मुदत होती. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि आता छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे अशी इतर कलाकृतींसारखीच मुदत आहे. शिवाय हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कायम राहतो.

हा शेवटचा अधिकार किरकोळ नाही. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. कॅमेऱ्यामागे डोळा एकीचा आणि खाली नाव दुसऱ्याचे, असे तेव्हा घडून गेले. पुढे त्यांना नाव मिळाले आणि २०११ मध्ये पद्मविभूषण हा किताबही मिळाला. परंतु ज्यांना असे दीर्घ आयुष्य आणि असा सन्मान लाभला नाही, त्या किती जणींची कामे आज दुसऱ्याच्या नावावर किंवा नावाविना पडून असतील, याचा विचार करावा.

म्हणून सही हा मिरवण्याचा विषय नाही. हे मी पाहिले, ही प्रत मी पाहून पसंत केली, अशा इतक्याच प्रती निघतील, आणि यात काही खोटे निघाले तर मला विचारा, एवढी चार विधाने त्या दोन इंच पेन्सिलरेषेत असतात. फोनमधून रोज शेकडो छायाचित्रे निघतात आणि तितक्याच वेगाने विसरली जातात. त्यांतले एखादे निवडून, नीट छापून, चांगल्या पुठ्ठ्यात बसवून त्याखाली आपले नाव लिहिणे म्हणजे त्या छायाचित्राची जबाबदारी घेणे होय. ज्या प्रतीची जबाबदारी घेण्यास मन कचरते, तिच्यावर सही करू नये आणि ती विकूही नये. या एका नियमाने आपल्या प्रदर्शनांतील फ्रेमांची संख्या कदाचित निम्मी होईल. पण जी निम्मी उरतील ती आपल्या नातवंडांनाही पाहता येतील, आणि ती कोणाची हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.